जर्मनचा व्यापारी

आमची मराठी शाळा दर शनिवारी सकाळी जिथे भरते, त्या इमारतीचं नाव आहे कम्युनिटी हॉल नंबर टू. नंबर वन कुठे आहे ते कौन्सिललाही सांगता येत नाही. सिडनीतल्या हॅरोफील्ड स्टेशनच्या मागे हा विटांचा जुना हॉल आहे. पंखे कुरकुरतात, किचनमधला गीझर त्याला वाटलं तरच चालतो आणि पार्किंगसाठी सकाळी सकाळी भांडावं लागतं. तरीही तो मिळवण्यासाठी मी जेवढे ईमेल लिहिले, तेवढे स्वतःच्या पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठीही, लिहिले नव्हते. पेंडल हिल, वेंटवर्थव्हिल, पार आमच्या केलीव्हिलपासून पालक मुलांना आणून सोडतात, बाहेर कॉफी पीत गप्पा मारतात आणि आत मी त्यांच्या पोरांना 'ळ' म्हणायला शिकवते. फुकट. हे फुकट प्रकरण निनादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फार कौतुकाचं वाटतं. स्वतः तो शनिवारी उशिरापर्यंत झोपतो.

मार्चमध्ये ग्लेनिसचा ईमेल आला. ग्लेनिस म्हणजे कौन्सिलची हॉल बुकिंगवाली बाई. तिने गोड भाषेत कळवलं होतं की हॉलला दीडशे वर्षं होताहेत, त्यानिमित्त ऑगस्टमध्ये समारंभ आहे, आणि हॉल वापरणाऱ्या प्रत्येक गटाने संस्थापकाच्या जीवनावर दहा मिनिटांचं काहीतरी सादर करावं. त्यानंतर वेळा नव्याने ठरतील. व्यायाम करणाऱ्या एका पिलाटीस ग्रुपला शनिवार सकाळ हवी आहे आणि निर्णय घेताना 'कम्युनिटी एंगेजमेंट' लक्षात घेतली जाईल. साध्या मराठीत सांगायचं तर, नीट काही करून दाखवलं नाही तर शनिवार गेला. शनिवार गेला की शाळा गेली, कारण रविवारी क्रिकेट असतं, पोहणं असतं, भरतनाट्यम असतं, आणि मराठी या सगळ्यांच्या नंतर येते.

सोबत एक ब्रोशर होतं. त्यात संस्थापकाबद्दल एकच ओळ: ऑगस्ट क्राउझ, 'अर्ली जर्मन मर्चंट अँड सिव्हिक-माइंडेड आंत्रप्रनर'. एवढंच. माणूस आयुष्यभर राबतो आणि शेवटी त्याची अशी ओळ होते.

मी लायब्ररीत जाऊन वाचलं. क्राउझ विशीत जहाजाने आला. आधी पाठीवर गाठोडं घेऊन शेतांवर सुया, करवती, दिव्याच्या काचा विकत फिरला. मग रस्त्याकडेला दुकान टाकलं. दुकानाबाहेर स्वतःच्या तेलाने दिवा लावला, कारण रात्री लोक चिखलात पडत. विहीर खणली आणि ती सगळ्यांना खुली ठेवली. रेल्वेला इतकी पत्रं लिहिली की शेवटी कंटाळून त्यांनी तिथे गाडी थांबवली. ते वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली, कारण पत्रं लिहून लिहून समोरच्याला कंटाळा आणणं हे माझंही एकमेव हत्यार आहे. मग त्याने हा हॉल बांधला, आत पुस्तकांचं कपाट ठेवलं, दारावर क्राउझ हॉल असं नाव कोरलं, आणि काही वर्षांनी इथेच मेला. नंतर पहिलं महायुद्ध आलं. एका रात्रीत सगळं जर्मन वाईट झालं. त्याच्या मुलाला दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागली आणि दारावरचं नाव छिन्नीने तासून टाकलं. हॉल आधी एम्पायर हॉल झाला, मग नंबर टू. दारावर अजून तो खरवडलेला चौकोन आहे. इतकी वर्षं मी त्याच्याखालून जात होते आणि मला वाटायचं, रंग उडालाय.

मला नाटकात नेमकं हेच दाखवायचं होतं. पण आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय टाकला आणि तो माझ्या हातातून गेला. सेक्रेटरी श्रीनाथने ती ओळ कुठल्याशा ॲपमधून मराठीत काढली: 'लवकर जर्मन व्यापारी आणि नागरी मनाचा उद्योजक'. त्यावर तीन दिवस चर्चा झाली. कुणी म्हणे आद्य, कुणी म्हणे प्रारंभिक, कुणी म्हणे समाजशील. एकाने हळूच सुचवलं की त्यापेक्षा लेझीम ठेवू या, गोऱ्यांना आवडतं. नाटक लिहायला वेळ आहे का असं विचारल्यावर मात्र सगळे एकदम गप्प झाले. श्रीनाथने अंगठा पाठवला. तो अंगठा कशासाठी होता ते मला आजही माहीत नाही.

त्यात माझ्या ऑफिसात मोठं सॉफ्टवेअर रिलीज होतं, आणि घरी आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे सासरे, दत्तात्रय वाठारकर. कराडला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. सासूबाई गेल्या, गुडघे थकले, दुकान बंद झालं, तेव्हा निनादने त्यांना इथे आणायचं ठरवलं आणि मी जाऊन त्यांना घेऊन आले. येताना बॅगेत नाव घालायची छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन आले. आपल्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यावर दुकानदार ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून देतो, त्यासाठीची. सिडनी एअरपोर्टवर ती छिन्नी बघून आम्हाला इतका वेळ बाजूला उभं केलं की आणायला आलेला निनाद पार्किंगमधून फोनवर फोन करत होता. कशाला आणली म्हणून विचारलं तर म्हणाले, असू दे. इथे आल्यापासून ते सोफ्यावर बसून मोठ्या आवाजात टीव्ही लावायचे आणि मी जे पातेलं स्पंजने हलक्या हाताने धुवा म्हणून बजावायचे, ते तारेच्या घासणीने लख्ख करून ठेवायचे. माझं स्टीलचं जाड बुडाचं महागडं पातेलं, वाढदिवसाला मी स्वतःलाच घेतलेलं. त्यावरून आमचं दर आठवड्याला व्हायचं.

आणि दुसरं म्हणजे, पेंडल हिलच्या दुकानात कुणी सहज विचारलं की तुम्ही कुठले, तर माझ्या आधी आप्पा सांगायचे, मुक्काम पोस्ट कराड. मी मूळची नाशिकची. लग्न झाल्यावर कराडची झाले. चौदा वर्षं इथे टॅक्स भरला, मुलगी इथे जन्मली, पासपोर्ट बदलला, तरी मी आपली मुक्काम पोस्ट कराड. रांगेत उभी राहून मी नुसती हसायचे आणि पनीर घेऊन बाहेर पडायचे.

तर एका संध्याकाळी एक्झॉस्ट फॅन चालू होता, लॅपटॉपवर टीमची मीटिंग चालू होती, कुकर शिट्ट्या मारत होता, आणि आप्पांनी विचारलं की त्या हॉलचं काय झालं. मी ओरडून सांगितलं की हॉल बांधणारा ऑगस्ट क्राउझ म्हणून एक जुना जर्मन व्यापारी होता, दुकान होतं त्याचं, घरसामानाचं, त्याच्यावर मुलांचं नाटक करायचंय आणि मला जीव द्यायलाही वेळ नाही. आप्पांनी टीव्ही बंद केला. ते म्हणाले, मी बसवतो नाटक. हा विषय त्यांना ठाऊक आहे म्हणाले.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण बुडणाऱ्याला काय, मी हो म्हटलं.

पुढचे शनिवार मी हॉलमधल्या किचनच्या काउंटरवर ऑफिसचं काम करत होते आणि आतून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता. सगळं छान चाललंय असं माझी मुलगी चिन्मयी सांगायची. म्हणजे ती म्हणायची, "आई, आप्पा इज लिटरली अ डायरेक्टर." आप्पा आता सकाळी लवकर उठून दाढी करायचे. वेंटवर्थव्हिलच्या दुकानांत निनादला घेऊन फिरायचे, काय आणायचे ते सांगायचे नाहीत. मी विचारलं की निनाद म्हणायचा, नो वरीज. माझ्या लग्नाच्या आयुष्यात या दोन शब्दांनंतर काही चांगलं घडलेलं नाही.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी हॉलवर पोचले तर स्टेजवर अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग. पातेली, डबे, टोप, चाळण्या. मध्ये गादी, गादीवर क्राउझ झालेला आमच्या शाळेतला रुद्र, डोक्याला फेटा आणि ओठावर पेन्सिलीने काढलेली मिशी. चिन्मयी नऊवारी नेसून एक टोप बोटाच्या पेराने वाजवून बघत होती आणि म्हणत होती, "ऑगस्टशेठ, जर्मन पातळ वाटतंय हो." त्यावर फेटेवाला ऑगस्टशेठ म्हणत होता, "ताई, असलं जर्मन अख्ख्या सिडनीत मिळायचं नाही."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. कराडात काय, अख्ख्या महाराष्ट्रात अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. आप्पांच्या मते क्राउझ हा एक गोरा इंग्रज शेठ होता आणि तो जर्मनचा व्यापारी होता, जसा कुणी तांब्याचा असतो, कुणी पितळेचा. त्यांच्याच धंद्यातला. आणि त्या काळी अ‍ॅल्युमिनियमचा टोप सिडनीत सोडा, जगात कुठल्या स्वयंपाकघरात असेल असं मला वाटत नाही.

स्टेजसमोर पिलाटीसवाल्या प्रोजेक्टर जोडत होत्या. ग्लेनिस कौन्सिलच्या दोन माणसांना खुर्च्या दाखवत होती. मी आप्पांना किचनमध्ये नेलं आणि माझा तोल गेला. इतके आठवडे एकदाही विचारलं नाहीत, म्हटलं. शाळा जाईल आता, ही सगळी मुलं घरी बसतील आणि मराठी विसरतील. मी एवढ्या मोठ्याने बोलले की चिन्मयी दारात येऊन परत गेली.

"आप्पा, जर्मन म्हणजे जर्मनीचा माणूस. पातेलं नाही."

त्यांनी हातातलं झाकण ओट्यावर ठेवलं. चेहरा एकदम म्हातारा झाला.

"म्हणजे तो इंग्रज नव्हता?"

"नव्हता."

"मग इंग्रजांच्या गावात हॉल कसा बांधला?"

मी भराभरा सांगितलं, गाठोडं, दिवा, विहीर, रेल्वे. मग त्यांनी विचारलं की एवढं केलं तर दारावर नाव का नाही त्याचं. मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि तो खरवडलेला चौकोन दाखवला. युद्धाचं सांगितलं. आप्पा मान वर करून बराच वेळ बघत राहिले. भांड्यावर नाव घालण्यात ज्याचा हात मुरलेला, त्याला छिन्नी कुठून कशी चालली ते दिसत असावं. किती वर्षं राहिला होता इथे, असं त्यांनी विचारलं. चाळीसच्या वर, मी म्हटलं.

"एवढी वर्षं राहून, विहीर खणून, हॉल बांधून, जर्मनचाच राहिला की गं तो."

तेवढ्यात हाका सुरू झाल्या. रुद्रची आई आली होती, त्याची मिशी पुसली गेली म्हणून. श्रीनाथ आला होता, समई कुठे ठेवू विचारायला. मी समई नको सांगितलं तर म्हणाला की मग आणायला कुणी सांगितली. कुणीच सांगितली नव्हती.

थोड्या वेळाने किचनमधून ठकठक ऐकू आली. जाऊन बघते तर आप्पा जमिनीवर बसले होते, मांडीवर सगळ्यांत मोठं पातेलं, हातात एअरपोर्टवरची छिन्नी.

"तेजू, नावाखाली मुक्काम पोस्ट काय घालू? त्याचं जर्मनीतलं गाव ठाऊक आहे तुला?"

गाव मला ठाऊक होतं. लायब्ररीतल्या पुस्तकात होतं, तोंडात मावणार नाही एवढं लांब. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

"हॅरोफील्ड घाला," मी म्हटलं.

"नक्की?"

"इथेच पुरलंय त्याला, आप्पा."

त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला. मी पेनाने त्यावर हॅरोफील्ड लिहून दिलं आणि बाहेर गेले, कारण पिलाटीसचं सुरू झालं होतं.

पिलाटीसवाल्यांनी सुंदर स्लाइड दाखवल्या. प्रत्येक स्लाइडवर ब्रोशरमधली तीच ओळ वेगवेगळ्या अक्षरांत होती आणि शेवटी सगळ्यांनी मिळून श्वास घेतला. ग्लेनिस खूश दिसली. मग आमचा नंबर आला.

मी माइक घेऊन बाजूला उभी राहिले. खोटं बोलायचं असतं तर ऑगस्टशेठ भांडी विकत होता असं भाषांतर करून मोकळी झाले असते. पण त्या माणसाचं नाव आधीच एकदा पुसून झालं होतं, आता मी त्याला अ‍ॅल्युमिनियमचा करणार नव्हते. मी इंग्रजीत सरळ सांगून टाकलं की आमच्या भाषेत या धातूला जर्मन म्हणतात, माझ्या सासऱ्यांची गफलत झाली, आणि तुम्ही आता चुकीच्या माणसाचं नाटक बघणार आहात. मागून कुणीतरी हसलं आणि सगळा हॉल हसला. मुलांनी धुमाकूळ घातला. टोप वाजले, घासाघीस झाली, एक चाळण गडगडत कौन्सिलच्या माणसाच्या पायाशी गेली आणि त्याने ती उचलून डोक्यावर घातली. मी मधेमधे खरं सांगत राहिले: करवती विकायचा, दिवा लावायचा, विहीर खणली. ठरलेलं काहीच होत नव्हतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

शेवटी आप्पा स्टेजवर आले. हे नाटकात नव्हतं. त्यांनी ते मोठं पातेलं रुद्रच्या हातात दिलं आणि वाच म्हणाले. रुद्रने बोट ठेवून वाचलं, जसं मी शिकवते तसं, एकेक अक्षर सुटं.

"कै. ऑगस्टशेठ क्राउझ. मु. पो. हॅरोफील्ड. यांच्या स्मरणार्थ."

मागे बसलेले पालक हसायचे थांबले. निनाद माझ्या कानाशी पुटपुटला की आप्पांनी लुथरन ख्रिश्चनाला कैलासाला पाठवलं, आणि मी त्याला कोपर मारलं.

ग्लेनिसने विचारलं की काय लिहिलंय. नावापर्यंत ठीक होतं. मु. पो.शी मी अडले. गेली कित्येक वर्षं त्या दोन अक्षरांनी माझं डोकं फिरवलं होतं आणि आता मला त्यांचं इंग्रजी सुचेना. शेवटी मी म्हटलं की याचा अर्थ हा माणूस इथे राहतो, याची पत्रं इथे पाठवा. मग आप्पांना कळावं म्हणून तेच मराठीत सांगितलं. सांगता सांगता रडू आलं याचा मला भयंकर राग आला, कारण पिलाटीसवाल्या बघत होत्या.

ग्लेनिस उठून स्टेजजवळ आली. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं की हे पुसलं जात नाही ना. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, तासलं तर जातं, पण मग भांड्याला भोक पडतं.

मंगळवारी तिचा ईमेल आला. शनिवार सकाळ मराठी शाळेचीच राहील, पिलाटीसला गुरुवार दिला आहे. दारावर क्राउझचं नाव परत लावण्याबाबत पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये विचार होऊ शकेल. होऊ शकेल. मी तिला त्याच दिवशी उत्तर लिहिलं, त्यानंतर आणखी एक, आणि नाव लागेपर्यंत लिहिणार आहे. तोपर्यंत तिथल्या किचनच्या फळीवर ते पातेलं आहे. अख्ख्या इमारतीत त्याचं नाव तेवढ्या एका ठिकाणी आहे, आणि त्यात पिलाटीसवाल्या आता योगा मॅटचे पट्टे ठेवतात.

पुढच्या रविवारी मी पुलावासाठी माझं महागडं पातेलं काढलं. हाताला काहीतरी खरखरीत लागलं. उजेडात धरलं तर बाहेरच्या चकचकीत स्टीलवर ठिपके होते. सौ. तेजश्री निनाद वाठारकर, मु. पो. केलीव्हिल.

गॅरंटी गेली. एवढं पहिल्यांदा मनात आलं. मी पातेलं घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. आप्पा टीव्ही बघत होते, आवाज नेहमीसारखा मोठा. मी ओरडले की विचारायचं तरी, माझं पातेलं आहे ते.

"तुझंच लिहिलंय की," ते टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. "कराड घालणार होतो. पण तुझी पत्रं इथे येतात."